यकृत व पचनसंस्थेच्या रोगांसाठी धर्मादाय निधिसंकलन

यकृत, जठर, आतडी, स्वादुपिंड व पित्तमार्ग यांच्या रोगांवरील उपचार, संशोधन आणि रुग्णसाहाय्य यांसाठी देणग्या, वर्गण्या, मृत्युपत्राने दिलेली दाने व सार्वजनिक उपक्रम यांतून पैसा उभारण्याची पद्धत.

तिचा आरंभ कोठे मानावा, हे निकषावर अवलंबून आहे. फ्रेडरिक सॅमन या शल्यविशारदाने १८३५ मध्ये लंडनला गुदमार्गाच्या रोगांनी पीडित गरिबांसाठी सात खाटांचे रुग्णालय काढले. तेच पुढे सेंट मार्क्स या नावाने ख्याती पावले. पचनसंस्थेच्या एकाच भागाला वाहिलेली धर्मादाय संस्था एवढाच निकष धरल्यास आरंभ येथवर मागे नेता येतो. मात्र तेथील मुख्य हेतू रुग्णाची शुश्रूषा हा होता. रोगाचे मूळ शोधण्यासाठी समाजाकडून पैसा मागणाऱ्या संस्था बऱ्याच नंतरच्या आहेत. त्यामुळे आधुनिक अर्थाने हा आरंभ साधारणतः १९६५ ते १९८० या काळात धरणे अधिक सयुक्तिक वाटते. न्यूयॉर्कमध्ये १९६७ साली रुग्णांची कुटुंबे व हेन्री जॅनोविट्झ हे वैद्यकतज्ज्ञ यांनी आतड्यांच्या दाहरोगांसाठी प्रतिष्ठान स्थापले (आजचे क्रोन्स अँड कोलायटिस फाउंडेशन). १९७१ मध्ये फ्रान्सिस एव्हरी जोन्स यांच्या पुढाकाराने ब्रिटिश डायजेस्टिव्ह फाउंडेशन निघाले. आज ते ‘गट्स यूके’ म्हणून ओळखले जाते. अमेरिकन लिव्हर फाउंडेशन १९७६ चे.

यकृतरोपणाने निधिसंकलनाला निराळे वळण दिले. टॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये डेन्व्हर येथे मानवी यकृतरोपणाचा पहिला प्रयत्न केला. रुग्ण दीर्घकाळ जगल्याचे पहिले यश १९६७ चे. अमेरिकेतील १९८३ च्या तज्ज्ञपरिषदेने त्याला उपचार म्हणून मान्यता देईपर्यंत विमा कंपन्या ते प्रायोगिक मानून खर्च नाकारत आणि कित्येक कुटुंबांना जाहीर आवाहन करावे लागे. अशा आवाहनांतून शस्त्रक्रियेचा पैसा उभा राहतो, पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे व तपासण्या बहुधा जन्मभर लागतात. देणाऱ्यांचा ओघ तोवर आटलेला असतो. म्हणून एकेका रुग्णासाठीच्या आवाहनापेक्षा संस्थेचा कायम निधी अधिक भरवशाचा ठरतो.

संशोधनात अशा संस्थांचे अनुदान सहसा लहान असते, परंतु त्याचे मोल मोठे असते. मोठ्या सरकारी अनुदानासाठी प्राथमिक पुरावा लागतो. तो जमवण्याची संधी तरुण संशोधकांना या पैशातून मिळते. औषध कंपन्यांकडून येणाऱ्या देणग्या जाहीर करण्याची प्रथा अनेक संस्था पाळतात.

लोकांच्या समजुती हा मोठा अडसर आहे. यकृत बिघडले म्हणजे मद्यपान, हा समज विषाणुजन्य यकृतदाह, यकृतातील मेदसंचय किंवा अर्भकांतील पित्तनलिकांचा अवरोध असलेल्या रुग्णांवरही अन्याय करतो. आतड्यांच्या तक्रारींबाबत संकोच आड येतो. त्यामुळे संस्थांना जनजागृती व निधिसंकलन एकत्रच करावे लागते. हेपॅटायटिस बी विषाणूचे शोधक बारूक ब्लूमबर्ग यांच्या जन्मदिनी, २८ जुलैला, जागतिक यकृतदाह दिन पाळला जातो. जागतिक आरोग्य परिषदेने त्यास २०१० मध्ये मान्यता दिली.