डुलत्या जहाजावर बादली-मग: शॉवरला घाबरणाऱ्या मुलाची अंघोळ

मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्यावरून गोव्याला किंवा लक्षद्वीपला निघणाऱ्या क्रूझच्या केबिनमध्ये हेअर ड्रायरपासून तिजोरीपर्यंत बरंच काही असतं, बादली मात्र नसते. साध्या केबिनच्या बाथरूममध्ये टबही नसतो. जेमतेम पाऊण-एक मीटर लांब-रुंद चौकोन, त्याला बोटभर उंच उंबरा, एक पडदा आणि दांडीला अडकवलेला शॉवर, एवढाच काय तो सरंजाम. घरी स्टुलावर बसून मगाने न्हाणारं दोन-तीन वर्षांचं मूल या चौकोनात पाऊल टाकायलाही तयार होत नाही. मग एक जण त्याला धरून ठेवतो, दुसरा शॉवर सोडतो, आणि पुढच्या दिवशी मूल बाथरूमचं दार पाहूनच रडायला लागतं.

याला हट्ट म्हणण्याआधी शरीर काय करतं ते पाहू. नाका-डोळ्यांवर अचानक पाणी पडलं की श्वास आपोआप रोखला जातो. चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेकडून मेंदूला इशारा जातो आणि हे घडतं. पाणी जितकं गार, तितकी ही प्रतिक्रिया तीव्र. मगाच्या पाण्याला सुरुवात असते आणि शेवट असतो. ‘डोळे मीट’ म्हटलं, पाणी आलं, संपलं, मुलाने श्वास घेतला. शॉवरचं पाणी संपतच नाही, त्यामुळे श्वास नेमका कधी घ्यायचा हे लहान मुलाला उमगत नाही.

त्यात जहाजाची बाथरूम म्हणजे कारखान्यात तयार करून केबिनमध्ये बसवलेलं टणक भिंतींचं खोकं. आवाज शोषून घेईल असं तिथे काहीच नसल्याने पाण्याचा खळखळाट घुमतो. शौचालय हवेच्या दाबाच्या फरकावर चालतं, म्हणून फ्लशचा दणका घरच्यापेक्षा कितीतरी मोठा. अंघोळीच्या वेळी फ्लश करू नये, एवढं पथ्य पाळलं तरी निम्मी भीती कमी होते. शिवाय तो ओला पडदा अंगाला येऊन चिकटतो. शॉवर सुरू केला की पडदा आत का ओढला जातो, याचं संगणकावर गणित मांडून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डेव्हिड श्मिट यांनी २००१ साली भौतिकशास्त्राचं इग्नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनासाठीचं नोबेलचं विनोदी रूप, मिळवलं. पडणाऱ्या थेंबांमुळे आत हवेचा आडवा भोवरा तयार होतो, भोवऱ्याच्या मध्यात दाब कमी असतो आणि पडदा तिकडे खेचला जातो, असं त्यांचं उत्तर. आपल्याला त्यातून घ्यायचं ते एवढंच की, शॉवर बंद असेल तर पडदा जागेवर राहतो.

म्हणून आमचा सल्ला सरळ आहे: शॉवरचा नळासारखा उपयोग करा आणि मुलाला बादली-मगानेच अंघोळ घाला. घडी होणारी सिलिकॉनची दहा लिटरची बादली क्रॉफर्ड मार्केट, लोहार चाळीच्या पट्ट्यात किंवा ऑनलाइन मिळते; घडी केल्यावर ती ताटाएवढी सपाट होते. घरचा मोठा मग मात्र नको. अर्ध्या लिटरचा घ्या. डुलत्या जागी एक हात मुलाला धरण्यात गुंतलेला असतो, आणि दुसऱ्या हाताने लिटरभराचा मग नेमका ओतणं जमत नाही.

फुगवायचा टब बरेच जण नेतात. तो का फसतो, हे समजायला जहाजाच्या डोलाचं थोडं गणित करावं लागेल. मोठ्या क्रूझ जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे शांत समुद्रात डोल एखाद-दोन अंशांत राहतो. वारा वाढला की तो पाच अंशांवर जाऊ शकतो. पाणी आपली पातळी आडवीच ठेवतं, कलतं ते भांडं. ८० सेंटिमीटर रुंद टब पाच अंश कलला, तर एका काठाशी पाणी साडेतीन सेंटिमीटर चढतं आणि समोरच्या काठाशी तेवढंच उतरतं. ३० सेंटिमीटर व्यासाच्या बादलीत हाच फरक सव्वा सेंटिमीटर. पसरट भांडं जहाजावर नेहमीच जास्त सांडतं.

जहाजाचा डोल तरी संथ असतो, एक हेलकावा पुरा व्हायला दहा-वीस सेकंद लागतात. खरा उपद्रव मुलाचाच. ८० सेंटिमीटर लांबीच्या टबात १० सेंटिमीटर पाणी असेल, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत येणाऱ्या लाटेला साधारण १.६ सेकंद लागतात. मूल मजेत पुढे-मागे झुलतं तेही जवळपास याच तालात! ताल जुळला की प्रत्येक झुल्यागणिक लाट वाढते आणि चौथ्या-पाचव्या झुल्याला पाणी उंबऱ्यापलीकडे, तिथून केबिनच्या गालिच्यावर. त्यात फुगवलेला काठ मऊ. मूल रेललं की तो दबतो. टब रिकामा करणं हा वेगळाच प्रकार. २५ लिटर म्हणजे २५ किलो, तो उचलून एकदम उपडा केला तर जाळीतून तेवढं पाणी एका दमात जात नाही आणि उंबरा ओलांडतं. टब न्यायचाच असेल तर शॉवरच्या चौकोनाचं माप बुकिंगच्या वेळीच विचारा, पाणी पाच-सहा सेंटिमीटरच्या वर भरू नका आणि एक काठ थोडा थोडा दाबून तो सावकाश रिकामा करा. जाळीवर रबरी झाकण ठेवून चौकोनाचाच टब करण्याची युक्ती तर सोडूनच द्या. बोटभर उंबऱ्याला पाच अंशांचा डोल झेपत नाही.

आता पाण्याच्या उष्णतेबद्दल, कारण खरा धोका इथे आहे. लिजिओनेला नावाचे जिवाणू कोमट पाण्यात वाढतात. ते वाढू नयेत म्हणून जहाजावर गरम पाणी ६० अंशांच्या आसपास साठवतात आणि नळांतही ५० च्या वर ठेवतात. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाच्या त्वचेला पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं. मुलाची त्वचा पातळ, तिला त्याहून कमी वेळ लागतो. अनेक केबिनमध्ये ३८ अंशांवर अडणारी खटक्याची तोटी असते. तो खटका दाबून पुढे फिरवता येतो आणि चौकस मुलं तो दाबतात. तेव्हा बादली मुलाला आत आणण्याआधी भरायची: आधी ५ लिटर गार पाणी, त्यावर ३ लिटर गरम. अरबी समुद्रात जहाजाचं ‘गार’ पाणीही २८ अंशांच्या आसपास असतं. त्यात ५५ अंशांचं गरम मिसळलं की बरोबर ३८ अंश येतात. ढवळून कोपराने तपासा आणि नळ बंद करा. बादली आठ लिटरवरच थांबवा, वरची मोकळी जागा डोलासाठी आहे.

स्टूल घरूनच न्या, बुटकं आणि रुंद पायांचं. खाली रबरी मॅट घालायची असेल तर चोषक वाट्यांची नको; शॉवरचा तळ खडबडीत असतो, वाट्यांखाली हवा शिरते आणि मॅट सरकते. सपाट, जड मॅट चालते. मुलाला स्टुलावर बसवा आणि पहिला मग पावलांवर ओता. नंतर गुडघे, मांड्या, पाठ. डोकं शेवटी, आणि तेही पाणी कपाळाकडून मागे जाईल असं: हनुवटी वर, भुवयांवर घडी केलेला पंचा मुलानेच धरलेला. छतावरचं एखादं चित्र पाहायला किंवा दिवे मोजायला सांगितलं की हनुवटी आपोआप वर जाते. डोक्यासाठी चार मग राखून ठेवले तर आठ लिटरमध्ये सगळं आरामात होतं.

साबण घरच्यापेक्षा निम्मा घ्या. जहाजावरचं बरंचसं पाणी समुद्राचंच असतं, इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर कमी दाबाखाली उकळून किंवा दाबाने सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळून मीठ काढलेलं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम फारच थोडं उरतं, म्हणून फेस भरपूर होतो आणि त्वचा धुतल्यावरही बुळबुळीत वाटते. मुंबईच्या तलावांचं पाणीही तसं सौम्यच, त्यामुळे पालिकेच्या नळाची सवय असलेल्यांना फरक कमी जाणवेल. टँकर किंवा बोअरवेलच्या पाण्यावर राहणारे मात्र साबण निघाला नाही म्हणून पाणी ओततच राहतात. तेल लावून मालिश आणि डाळीचं पीठ या दोन्हींना सहलीपुरती रजा द्या. तेलाने तळ निसरडा होतो आणि पीठ जाळीखाली घट्ट बसतं.

अंघोळ संपली की दार उघडायची घाई नको. १२ किलोच्या मुलाच्या त्वचेचं क्षेत्रफळ साधारण अर्धा चौरस मीटर असतं. वजनाच्या मानाने ते मोठ्या माणसाच्या पावणेदोन पट भरतं. अंगावर २० ग्रॅम पाणी उरलं आणि ते सगळं शरीराच्याच उष्णतेवर उडालं, तर हिशेबाने मुलाचं तापमान अंशभर उतरेल. प्रत्यक्षात काही उष्णता हवाही पुरवते आणि शरीर ती घट भरून काढतं, पण कुडकुडणं त्याचमुळे. केबिनचा एसी २२-२३ अंशांवर असतो आणि बाथरूमचा पंखा ती थंड हवा दाराखालून आत ओढत असतो. म्हणून आत जाण्याआधीच एसीचा गारवा कमी करा, दाराच्या फटीशी टॉवेल लावा, मूल आतच पूर्ण कोरडं करा, केस आधी.

वेळ निवडताना पोटाचाही विचार हवा. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना बोट सर्वाधिक लागते. बाथरूमला खिडकी नाही, क्षितिज दिसत नाही, डोळे ‘स्थिर’ म्हणतात आणि कान ‘हलतंय’. जेवणानंतर तासभर तिथे नेऊ नका. जहाज बंदरात असतानाची वेळ सर्वांत चांगली. समुद्र खवळला असेल तर अंघोळच टाळा. दोन लिटर कोमट पाण्यात पंचा पिळून मान, काखा, जांघा आणि हात-पाय पुसले की दोन दिवस सहज निघतात. अपवाद पोहण्याच्या तलावाचा आणि किनाऱ्यावरच्या वाळूचा. क्लोरीन आणि मीठ अंगावर वाळलं की त्वचा खाजते, विशेषतः डायपरच्या रेषेवर, तेव्हा त्या दिवशी चार मग तरी ओतावेतच.

मूल आत असताना बादली रिकामी असो वा भरलेली, मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. मुलाला बादलीच्या काठाला धरून उभं राहू देऊ नका. सिलिकॉनची घडी वरून दाबली की एकदम बसते, मूल पुढे तोंडावर पडतं आणि आठ लिटर पाणी सगळीकडे होतं. वापर झाल्यावर बादली पुसून, घडी न करता, शॉवरच्या कोपऱ्यात वाळू द्या. ओला पंचा बाथरूममधल्या दोरीवर टाका, बाल्कनीच्या कठड्यावर नाही. चालत्या जहाजाच्या वाऱ्यात तो उडून समुद्रात जातो.