रीब्रीदर-मृत्यू व कोकण किनारपट्टी

पाणबुड्याचा उच्छ्वास पाण्यात न सोडता शुद्ध करून तोच पुन्हा श्वसनास देणाऱ्या संचास रीब्रीदर म्हणतात. या संचाच्या वापरात झालेले मृत्यू, त्यांची कारणे ठरविण्याची रीत व त्यांची जबाबदारी यांचा विचार येथे कोकण किनाऱ्याच्या अनुषंगाने केला आहे. मालवण, तारकर्ली, देवबाग येथे पर्यटक ज्याला नुसते ‘स्कूबा’ म्हणतात, ते उथळ पाण्यात, प्रशिक्षकाच्या आधाराने केलेले उघड्या पद्धतीचे निमज्जन होय. त्यात प्रत्येक उच्छ्वासाचे बुडबुडे वर जातात. रीब्रीदरमध्ये बुडबुडे जवळजवळ नसतात. त्यामुळे नौदलाचे कमांडो, सागरी जिवांचे चित्रण करणारे आणि खोल उतरणारे हौशी पाणबुडे त्याला पसंती देतात.

संचाचा उगम वादग्रस्त आहे. कोर्नेलिस ड्रेबेल याने सु. १६२० मध्ये टेम्स नदीत चालविलेल्या पाण्याखालील नौकेत हवा ताजी करण्याची युक्ती होती, असे रॉबर्ट बॉइल याने पुढे ऐकीव माहितीवरून नोंदविले. ती युक्ती म्हणजे सोऱ्यापासून काढलेला ऑक्सिजन, हा तर्क बराच नंतरचा असून तो जपूनच स्वीकारावा. बोरेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाच्या १६८० मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात उच्छ्वास नळीतून फिरवून समुद्राच्या पाण्याने थंड केला की पुन्हा वापरता येतो, अशी कल्पना आहे. ती चुकीची होती. थंड केल्याने कार्बन डाय-ऑक्साइड निघून जात नाही. त्याच धर्तीचे मानले जाणारे यंत्र फ्रेमिने या फ्रेंच संशोधकाने १७७२ च्या सुमारास (काहींच्या मते १७७४) तयार केले. वीस मिनिटांत आपल्याच यंत्रात गुदमरून तो मेला, अशी कथा अनेक लेखक देतात व त्यास ‘पहिला रीब्रीदर-मृत्यू’ ठरवितात. दुसऱ्या परंपरेनुसार तो ल हाव्र व ब्रेस्ट या बंदरांत पुढे अनेक वर्षे हे यंत्र वापरीत होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. दुसरी अधिक ग्राह्य वाटते.

व्यवहारात उपयोगी पडलेला पहिला संच बहुधा हेन्री फ्लूस याचा (१८७८). त्यात दाहक पोटॅशच्या विद्रावात भिजविलेले दोरांचे तंतू कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेत. १८८० मध्ये पाणी भरलेल्या सेव्हर्न बोगद्यातील दार अलेक्झांडर लँबर्ट याने हाच संच लावून बंद केले. दाबाखाली ऑक्सिजन विषारी ठरतो, हे पॉल बेर या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८७८ मध्येच मांडले होते. पाणबुड्यांना मात्र ते पुढे आकडी येऊन कळावे लागले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी केनेथ डोनाल्ड यांनी केलेल्या प्रयोगांत एकाच माणसाची सहनशक्ती दिवसागणिक बदलते, असे आढळले.

मृत्यूकडे नेणारे अपाय मुख्यतः तीन. शुद्ध ऑक्सिजन सु. ६ मी. खोलीवरच १.६ बार आंशिक दाबास (श्वसनवायूतील त्या एका वायूच्या वाट्याच्या दाबास) पोचतो. त्यापुढे आकडीचा धोका झपाट्याने वाढतो. ऑक्सिजन कमी पडणे हा दुसरा अपाय अधिक फसवा आहे. माणसाला धाप लागते ती मुख्यतः कार्बन डाय-ऑक्साइड साठल्याने आणि तो तर संचातील सोडालाइम या चुनायुक्त शोषकाने शोषलेला असतो. त्यामुळे कसलीही सूचना न मिळता बेशुद्धी येते. तिसरा अपाय सोडालाइम निकामी होण्याचा. यातील मुख्य घटक विरलेला चुना, म्हणजे पानाला लावतात त्याच जातीचा; कोकणात तो शिंपल्या भाजून करीत असत. चुन्याची चुनखडी झाली की शोषण थांबते. डब्यात पाणी शिरल्यास दाहक द्रव तोंडापर्यंत येऊन तोंड भाजते. अलीकडच्या संचांत ऑक्सिजन मोजणारे साधारणतः तीन सेल असतात व दोघांचे जुळले की तिसऱ्याचे मोजमाप बाद होते. एकाच तारखेचे सेल एकदमच म्हातारे झाले, तर दोन खोटे साक्षीदार एका खऱ्याला हरवितात.

अँड्र्यू फॉक यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात १९९८ ते २०१० या काळातील १८१ मृत्यू असून धोका उघड्या पद्धतीच्या सु. दहापट मानला आहे. एकूण निमज्जनांची संख्या अंदाजावर आधारलेली असल्याने हे गुणोत्तर काटेकोर समजू नये. कारणांच्या नोंदीत ‘मानवी चूक’ हा शब्द फार वेळा येतो. पेटार देनोबल व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये, उघड्या पद्धतीच्या मृत्यूंसाठी, सुरुवातीचे निमित्त, अपायकारक घटक, अपाय आणि मृत्यूचे कारण अशी चार पायऱ्यांची साखळी वापरली. रीब्रीदरला ती अधिकच लागू पडते. डेव्हिड शॉ हा रीब्रीदर वापरणारा पाणबुड्या ८ जानेवारी २००५ रोजी दक्षिण आफ्रिकेतील बुशमन्स होल या पाण्याने भरलेल्या विवरात सु. २७० मी. खोलीवर मृत्यू पावला. त्याच्या डोक्यावरील कॅमेऱ्यात श्वासाचा वेग टिपला गेल्यामुळेच दाट वायू, श्रम व कार्बन डाय-ऑक्साइडचा साठा ही साखळी मागाहून मांडता आली. कॅमेरा नसता तर बुडून मृत्यू, एवढेच उरले असते.

भारतात अशा मृत्यूची पहिली नोंद अकस्मात मृत्यू म्हणून होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ त्यासाठी आहे. निष्काळजीपणा दिसल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याची कलमे ८४, ८५ व ८६ अनुक्रमे उत्पादक, सेवा पुरवठादार व विक्रेता यांचे दायित्व सांगतात. वस्तूचा गैरवापर किंवा तीत फेरफार झाला असल्यास विक्रेत्याविरुद्ध दावा चालत नाही (कलम ८७). म्हणून मृतदेह किनाऱ्यावर आणताच नळकांड्यांच्या झडपा कोणी फिरविल्या, डबा कोणी उघडला, संच गोड्या पाण्याने कोणी धुतला, हे पंचनाम्यात यायला हवे. मदतीला धावलेला माणूस हे सारे चांगल्या हेतूनेच करतो आणि पुरावा जातो. शवविच्छेदनात दिसणारे वायूचे बुडबुडेही मृत्यूनंतर दाब उतरल्याने तयार झालेले असू शकतात.

कोकणातील सार्वजनिक चर्चा आजवर मुख्यतः नौकांभोवती फिरली. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी नौका उलटून दोन पर्यटक दगावले. त्यात श्वसनसंचाचा प्रश्न नव्हता. विजयदुर्गच्या पश्चिमेस सु. १०५ किमी. वरील, कान्होजी आंग्रे यांचे नाव लाभलेला आंग्रिया बँक हा प्रवाळयुक्त उंचवटा मात्र वेगळा आहे. त्याचा माथा सु. २० मी. खोल असून कडा झपाट्याने खाली जातात. तो १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक समुद्राबाहेर पडतो. तेथील मृत्यूत फौजदारी अधिकारिता मुख्यतः नौकेची नोंदणी व संबंधितांचे नागरिकत्व यांवरून ठरवावी लागेल. निवती खडकाजवळ ‘गुलदार’ ही निवृत्त नौदल नौका बुडवून पाण्याखालील संग्रहालय करण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला आहे.