दांपत्यकलहातील समेट (खानदेश)

मोडत आलेला संसार पुन्हा जुळावा म्हणून जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत नातेवाईक, जातीतले जाणते आणि शेवटी कोर्ट यांच्यामार्फत होणारा प्रयत्न. त्यामागे बहुधा दोघांपैकी एकाचा पस्तावा असतो. तो बोलून दाखवायला वाट मिळेलच असे मात्र नाही.

भांडण विकोपाला गेले की बायको माहेर गाठते, किंवा आखाजीला आलेली लेक सासरी जायचे नाव काढत नाही. आखाजी म्हणजे वैशाख शुद्ध तृतीया, सासरवाशिणींना माहेरी आणण्याचा खानदेशातला सर्वांत मोठा सण. झाडांना झोके, गौराई, अहिराणी गाणी, सांजोऱ्या. सण उलटला की घेऊन जायला कोण येते याकडे घरादाराचे लक्ष असते. रुसवा धरून गेलेल्या बायकोला न्यायला नवरा स्वतः आला, तर त्याला ओढ आहे हे न सांगता कळते.

तसे झाले नाही तर बैठक बसते. दोन्हीकडचे मामा, मेव्हणे आणि गावातले एकदोन वडीलधारे ओट्यावर जमतात. चहा होतो, मग उणीदुणी निघतात : देणेघेणे, दारू, सासूचे बोलणे, मोबाइलवरचा संशय, कामासाठी सुरतेला जाऊन महिनोन्‌महिने न फिरकलेला नवरा. मुलगी आत, दाराआड उभी राहून स्वतःबद्दलचे सगळे ऐकत असते. तिला विचारतात ते सर्वांत शेवटी, आणि तेही होकार मिळवण्यापुरते. या रीतीतले मोठे उणे हेच. नवरा मान खाली घालून ‘मनं चुकनं’ म्हणतो, पण पंचांना. तिला नेमके काय लागले ते त्याने तिच्या तोंडून ऐकलेलेच नसते. दोघांना अर्धा तास एकटे बसू देणारा मामा भेटला, तर जुळण्याची आशा खरी असते. मारहाण होत असेल तिथे मात्र ‘सांभाळून घे’ म्हणणे हा समेट नव्हे. अशा स्त्रीला 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षण मागता येते.

भिल्ल, पावरा समाजांत जातीचे पंच बसतात आणि वर पक्षाने दिलेल्या देजाचाही, म्हणजे वधूमूल्याचाही, हिशेब निघतो. मात्र निवाडा न मानणाऱ्याला वाळीत टाकणे हा 2016 च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे.

स्टॅम्पपेपरवर लिहिलेली फारकत, जातीची तशी रूढी सिद्ध झाल्याखेरीज, कायदेशीर घटस्फोट ठरत नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार समेटाचा प्रयत्न करणे हे कोर्टाचेही कर्तव्य आहे. परस्पर संमतीच्या अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ही मुदत योग्य प्रकरणी माफ होते. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणालाही संमती मागे घेता येते, आणि तशी घेतली की परस्पर संमतीचा घटस्फोट होत नाही.