‘गर्भधारणापूर्व’ हा शब्द कायद्यात का आला

महाराष्ट्राचा 1988 चा आणि मग केंद्राचा 1994 चा, गर्भलिंगनिदानाला आळा घालणारे हे दोन्ही कायदे गर्भजल परीक्षा आणि सोनोग्राफी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले. तपासणी गरोदर बाईची, हे त्यात गृहीतच. पळवाट तिथेच निघाली: प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेला भ्रूण कुणाच्या पोटात नाही, शुक्राणू तर त्याहून नाही.

शुक्राणू वेगळे करण्याचे प्रयत्न 1970 च्या दशकातले. वीर्य अल्ब्युमिनच्या थरांवर सोडायचं. वाय शुक्राणू, म्हणजे ज्यातून मुलगा होतो तो, चपळ, तो आधी खाली उतरेल, हा हिशेब. पुढे गुणसूत्रांवर रंगखुणा लावून मोजलं, तर प्रमाण जवळपास निम्मं-निम्मंच. फ्लो सायटोमेट्री, म्हणजे शुक्राणू एकेक करून लेझरसमोरून नेऊन मोजणं, मात्र चालते. मुलगी देणाऱ्या एक्स शुक्राणूत डीएनए सुमारे 2.8 टक्के जास्त, म्हणून रंगवल्यावर तो लेझरखाली किंचित अधिक उजळतो. शुक्राणू चपटा, तिरका गेला की मोजमाप चुकतं. (गायीत हा फरक 4 टक्क्यांजवळ, त्यामुळे कालवडीसाठीच्या रेतमात्रा आपल्याकडे उघड विकल्या जातात.)

भ्रूण तपासणी 1990 ची, लिंगाशी निगडित आनुवंशिक आजार टाळण्यासाठी. तिसऱ्या दिवशी एक पेशी काढून त्यात वाय गुणसूत्राचा तुकडा शोधत. पेशीतल्या डीएनएच्या प्रती तयारच झाल्या नाहीत, तरी उत्तर ‘वाय नाही’, म्हणजे मुलगी!

आता ही तपासणी गर्भधारणेच्या आधीची की नंतरची? फलन झालंय, गर्भ रुजलेला नाही. ‘गर्भधारणा’ म्हणजे यातलं नेमकं काय, यावर हवा तेवढा काथ्याकूट करता येतो. फेब्रुवारी 2003 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं तो होऊच दिला नाही. कलम 3-अ मध्ये स्त्री, पुरुष, ऊती, भ्रूण, द्रव, बीजपेशी अशी सरळ यादीच आली. व्याख्येत तर विशिष्ट लिंगाची ‘शक्यता वाढवण्यासाठी’ काही देणं किंवा लिहून देणंही आलं. म्हणजे मुलगा होण्याची पुडी निव्वळ भुकटी असली तरी देणारा सुटत नाही. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. दंडाचा आकडा आज हास्यास्पद वाटतो.

दोन मुली असलेल्या एका जोडप्यानं या बंदीला मुंबईत आव्हान दिलं: कुटुंबात समतोल हवा. 2007 मध्ये उच्च न्यायालयानं ते फेटाळलं. ‘समतोल’ हा शब्द गोंडस खरा, पण राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे 1991 मध्ये 946 मुली होत्या, 2001 मध्ये 913.