लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटतंय? दुकानात यायच्या आधी एवढं करून बघा

नमस्कार मंडळी,

पाऊस सुरू झाला की गणपती होईपर्यंत आमच्याकडे एकच तक्रार घेऊन लोक येतात, वायफाय लागतं पण टिकत नाही, मधेच जातं, आपलं आपण परत येतं, आणि नेमकं मीटिंग चालू असताना जातं. लॅपटॉप ठेवून घेतो, टेबलावर दिवसभर चालू ठेवतो, एकदाही तुटत नाही. कारण बिघाड लॅपटॉपमध्ये नसतोच, तो घरीच राहिलेला असतो. माणूस बिचारा भर पावसात एसटीने येतो, दोन दिवसांनी परत न्यायला येतो, आणि घरी जाऊन लावला की पुन्हा तेच. हे आम्हाला बघवत नाही म्हणून हे पत्रक छापलंय. नीट वाचा, वीस मिनिटं द्या, त्यानंतरही अडलं तर आम्ही आहोतच.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

नेट तुमच्या स्क्रीनपर्यंत येतं ते तीन टप्प्यांत. खांबावरून येणारी फायबरची लाईन, मग राउटर आणि तुमचं घर, आणि शेवटी लॅपटॉप. तुटतंय यातल्या कुठल्या टप्प्यात हे कळलं की अर्धं काम झालं, आणि हे शोधायला कसलंही ज्ञान लागत नाही.

लॅपटॉपवर नेट गेलं की लगेच त्याच वायफायवरचा फोन हातात घ्या. पण फोनचा मोबाईल डेटा आधी बंद करा हं, ही चूक खूप जण करतात. डेटा चालू असला की वायफायवर नेट नसताना फोन गुपचूप मोबाईल डेटावर जातो आणि तुम्हाला वाटतं की फोनवर तर सगळं चालतंय, म्हणजे लॅपटॉपच खराब. डेटा बंद करून बघा आणि फोन लॅपटॉपच्या शेजारीच धरा, राउटरजवळ जाऊन नको. फोनवरही नेट नसेल तर लॅपटॉपला सोडा, राउटरकडे जा. त्यावर एलओएस लिहिलेला छोटा दिवा असतो, तो लाल असेल किंवा लुकलुकत असेल तर फायबरच्या सिग्नललाच अडचण आहे, कुठे झाड पडलंय, कुठे वायर वाकलीय, तिथे आपण काही करू शकत नाही, नेटवाल्याला फोन करा. फक्त राउटरला जोडलेली ती बारीक पिवळी किंवा पांढरी वायर कपाटाच्या मागे चेपली गेली नाहीये ना, कुठे काटकोनात वळली नाहीये ना, तेवढं बघा. आतमध्ये काच असते, ती जास्त वाकली की प्रकाश गळतो.

आता अजून एक परीक्षा, ही आमची सगळ्यात आवडती. लॅपटॉपवर स्टार्ट बटण दाबून सीएमडी (सी, एम, डी) टाइप करून एंटर दाबा, काळी खिडकी उघडेल. त्यात पिंग (पी, आय, एन, जी) लिहा, एक स्पेस द्या, मग राउटरचा पत्ता, मग परत स्पेस, आडवी छोटी रेघ आणि लगेच टी, आणि एंटर दाबा. राउटरचा पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ (आकडे इंग्रजीत टाइप करा). अशीच दुसरी काळी खिडकी उघडा आणि तिथे पत्त्याच्या जागी ८.८.८.८ द्या, तो गूगलचा बाहेरचा पत्ता आहे. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून तुमचं काम करत बसा. नेट गेलं की बघा, दोन्हीकडे रिप्लाय यायचा थांबला आणि रिक्वेस्ट टाइम्ड आउट आलं तर राउटर ते लॅपटॉप या मधल्या हवेतच तुटतंय. राउटरकडून रिप्लाय नीट येतोय, दोन-पाच मिलिसेकंदात, आणि फक्त बाहेरचा बंद पडलाय, तर वायफाय ठणठणीत आहे, लाईन खराब आहे. त्या स्क्रीनचा फोटो काढून नेटवाल्याला पाठवा, मग तो "तुमचा लॅपटॉप दुकानात दाखवा" असं सांगणार नाही.

चिऱ्याचं घर आणि वायफाय

आपल्याकडचं हे खास दुखणं, इंटरनेटवर शोधलंत तर याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. जांभ्याच्या भिंती फूट-सव्वा फूट जाड असतात, आणि चिरा म्हणजे भोकाभोकांचा दगड, पावसात पाणी पितो. वायफायच्या लहरींना पाणी अजिबात मानवत नाही. म्हणजे जे वायफाय मे महिन्यात माजघरातून मागच्या पडवीपर्यंत येत होतं तेच जुलैमध्ये येत नाही, आणि लोकांना वाटतं लॅपटॉप दमट हवेने खराब झाला. लॅपटॉप तोच आहे, भिंत ओली झालीय.

त्यात राउटर कुठे लावलेला असतो? ओटीवर, टीव्हीच्या मागे, कारण फायबरवाल्या पोराला तिथून वायर आत घ्यायला सोपं पडलं. कुणी तो शोकेसमध्ये ठेवतं, कुणी लोखंडी कपाटावर, एका घरी तर पाण्याच्या टाकीच्या बरोबर खाली होता. पत्रा, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यातलं काहीही मधे आलं की पलीकडे सावली पडते. राउटर जमिनीपासून माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, उघड्यावर, घराच्या साधारण मध्यभागी पाहिजे. नुसता ओटीवरून माजघराच्या दाराच्या चौकटीजवळ आणला तरी फरक पडतो, कारण लहरी दारातून जातात, भिंतीतून जायची गरजच उरत नाही.

दोन बँडचं, म्हणजे वायफायच्या लहरींच्या दोन पट्ट्यांचं, गणितही समजून घ्या. राउटरवर २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन असतात. २.४ लांब जातो, भिंतीतून जरा बरा जातो, पण हळू असतो आणि त्यावर गर्दी फार, ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच, म्हणजे पलीकडे कुणी डबा गरम करायला लावला की तेवढा वेळ नेट अडखळतं. ५ वेगवान आणि मोकळा, पण चिऱ्याच्या एका भिंतीतच दमतो. बऱ्याच राउटरमध्ये दोघांचं नाव एकच ठेवलेलं असतं, आणि लॅपटॉप मधल्या खोलीत असला की एकदा इकडे एकदा तिकडे उड्या मारत बसतो, प्रत्येक उडीला कॉल तुटतो. आमचा सल्ला, राउटरच्या सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावं द्या. राउटरच्या खोलीत बसणाऱ्याने ५ वाला लावावा, लांब बसणाऱ्याने २.४ वाला, आणि लॅपटॉपमधून दुसरा विसरून टाका, म्हणजे फर्गेट करा.

बाजारपेठेतल्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. तिथे भिंत अडवत नाही, शेजारी अडवतात. यादी उघडली की पंधरा-वीस नावं दिसतात, सगळी २.४ वर. या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे बँडमधल्या वाटा, तीनच, १, ६ आणि ११. फोनवर वायफाय अॅनालायझरचं एखादं फुकट अॅप टाकून बघा कुठल्यावर गर्दी कमी आहे, मग राउटरमध्ये ऑटो काढून तो चॅनेल पक्का करा. नाही जमलं तर आम्हाला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

माडीवर नेट पोचत नाही म्हणून लोक रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा, घेतात. घेऊ नका असं नाही, पण साधा रिपीटर जेवढं ऐकतो तेवढंच पुढे बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण अर्ध्यावर येतो, आणि तो स्वतःच कमी रेंजमध्ये बसवला तर काहीच उपयोग नाही. त्यापेक्षा खालून वर एक लॅन केबल न्या आणि वर एक जुना राउटर अॅक्सेस पॉइंट करून लावा, म्हणजे केबलने आलेलं नेट तो तिथे वायफाय करून देईल. शंभर मीटरपर्यंत केबल चालते, तुमचं घर त्यात आरामात बसतं. केबल घराच्या आतूनच न्या, बाहेरून कौलांवरून नको, वीज पडली की त्याच वायरने आत येते.

आता लॅपटॉपची बाजू

फोन नीट, बाकीच्यांचं नीट, आणि फक्त तुमच्याच लॅपटॉपवर तुटतंय, तर हे बघा.

पहिलं म्हणजे रीस्टार्ट करा, शट डाउन नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असला की शट डाउन केल्यावर आतलं बरंच काही जसंच्या तसं साठवून ठेवलं जातं आणि सकाळी तेच परत येतं, अडकलेल्या ड्रायव्हरसकट (ड्रायव्हर म्हणजे विंडोजला वायफायचं कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर). रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

चार्जर लावला की नीट, बॅटरीवर तुटतं, असं होतंय का? मग बॅटरी वाचवण्यासाठी विंडोज वायफायचं कार्ड झोपवतंय. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात नेटवर्क अॅडॅप्टर्सखाली वायफायच्या नावावर डबल क्लिक करा, पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमध्ये जाऊन कॉम्प्युटरला हे बंद करू देण्याची टिक काढा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅब दिसतच नाही, तिथे सेटिंग्जमध्ये जाऊन बॅटरी सेव्हर बंद करून बघा.

ड्रायव्हर टाकायचा असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच, खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर टाकून. फुकटात ड्रायव्हर अपडेट करतो म्हणणारी सॉफ्टवेअर कृपा करून टाकू नका, त्यांनी घातलेला गोंधळ निस्तरायला आमचा अर्धा दिवस जातो आणि तुमचे पैसे. अपडेट आल्यावरच त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्येच रोल बॅक ड्रायव्हर आहे, ते वापरा. आणि सगळ्यात शेवटी नेटवर्क रीसेट, पण त्याने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात, ऑफिसचा व्हीपीएनही (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) परत सेट करावा लागू शकतो, तेव्हा आधी लिहून ठेवा.

पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावली की वायफाय मरतं असंही होतं, आणि हा भास नाही. यूएसबी ३ च्या वायरीतून नेमकी २.४ च्या आसपासची गडबड बाहेर पडते. डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा किंवा ५ वर जा.

वायफाय लागलेलं, रेंज फुल, पण एकही साइट उघडत नाही आणि सुरक्षित नसल्याची सूचना येते? उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. महिनाभर बंद राहिलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये आतला सेल संपतो आणि तारीख कित्येक वर्षं मागे जाते, मग साइट्सची प्रमाणपत्रं चुकीची वाटतात. तारीख नीट केली की चालू. सेल बदलणं अगदी स्वस्तातलं काम आहे.

एक केस मुद्दाम सांगतो. एका शाळेच्या बाई लॅपटॉप घेऊन आल्या, रोज संध्याकाळी शाळेच्या पोर्टलवर माहिती भरायची असते आणि फॉर्म अर्धा भरला की नेट जातं, परत पहिल्यापासून. राउटर बदलून झाला होता, प्लॅन वाढवून झाला होता, महिन्याला जास्तीचे पैसे जात होते. राउटरला चिकटून बसलं की चालायचं, चार पावलं मागे गेलं की रेंज एका दांडीवर. आम्ही विचारलं, मधे कधी उघडला होता का? तर बिजागरी तुटली होती म्हणून कुठेतरी दुरुस्त करून घेतली होती. तिथेच कळलं. लॅपटॉपचा अँटेना बहुतेक वेळा स्क्रीनच्या कडेत असतो, तिथून एक काळी आणि एक पांढरी अशा दोन केसासारख्या वायरी बिजागरीतून खाली येतात आणि वायफायच्या कार्डावर बसतात. कार्ड केवढं, अंगठ्याच्या पेराएवढं. वायरीच्या टोकाला मुगाच्या दाण्यापेक्षा लहान पितळी टोपी असते, ती बरोबर सरळ दाबली की टक् असा बारीक आवाज येतो. त्या बाईंच्या लॅपटॉपमध्ये एक टोपी निसटून बाजूला पडली होती आणि दुसरी नुसती टेकलेली. दोन टक् केले, चिकटपट्टी लावली, झालं. त्या वर बघून म्हणाल्या, एवढंच होतं? त्यांचे सहा महिने गेले होते हो त्यात. म्हणून सांगतो, स्क्रीन किंवा बिजागरीचं काम झाल्यानंतर रेंज कमी झाली असेल तर ते आम्हाला पहिल्या वाक्यात सांगा.

समुद्राकाठच्या गावांतून येणाऱ्या लॅपटॉपमध्ये अजून एक दिसतं, खारट हवेने लॅनच्या पोर्टच्या पिना हिरव्या पडतात. ते साफ करता येतं, पण घरी टूथब्रश, थिनर असलं काही लावू नका.

राउटरचा अॅडॅप्टर आणि वीज

राउटर दिवसातून चार वेळा आपोआप बंद-चालू होत असेल तर राउटर टाकायच्या आधी अॅडॅप्टर बदलून बघा. लाईटच्या चढउतारात तो आधी कमजोर होतो, दिवे लागतात पण वायफायवर जोर आला की राउटर बसतो. जुन्यावर लिहिलेले व्होल्ट तंतोतंत तेवढेच घ्या, १२ असेल तर १२च, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. आणि मे अखेरीस, ऑक्टोबरमध्ये गडगडायला लागलं की राउटरचा प्लग आणि लॅपटॉपचा चार्जर दोन्ही काढा, बटण बंद करून भागत नाही.

दुकानात येताना

चार्जर आणा, लॅपटॉपचा पासवर्ड लिहून आणा, आणि दोन दिवसांची छोटी नोंद आणा, किती वाजता गेलं, फोनवर होतं का, कुठल्या खोलीत बसला होतात, बाहेर पाऊस होता का. या चार ओळींनी आमचा तास वाचतो आणि तुमचा खर्च. आमच्या टेबलावर लॅपटॉपमध्ये काहीच सापडलं नाही तर तपासणीचे पैसे घेत नाही. कार्डच गेलं असेल तर बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते बदलता येतं, काहींत ते बोर्डावरच चिकटलेलं असतं, तिथे यूएसबीचं छोटं वायफाय लावून भागतं, नवा लॅपटॉप घ्यायची गरज नाही.

ऑफिसने दिलेला लॅपटॉप असेल तर आम्ही तो उघडत नाही, सेटिंगही बदलत नाही, ते तुमच्या ऑफिसच्या आयटीवाल्यांचं काम. पण घरची बाजू आम्ही येऊन बघू. गणपतीत चाकरमानी मंडळी येतात, एका राउटरवर एकदम पंधरा फोन आणि तीन लॅपटॉप होतात, त्यांना सुट्टी नसेल आणि इथूनच काम करायचं असेल तर आठवडाभर आधी सांगा, त्या चार दिवसांत आम्हालाही घरी आरतीला जायचं असतं.