चार वर्षांत एक फेरी

कोणता महिना तीस दिवसांचा आणि कोणता एकतीसचा, हे आपण लहानपणी मूठ वळून शिकलो. बोटाच्या मुळाचा उंचवटा म्हणजे ३१, दोन उंचवट्यांमधली खळगी म्हणजे ३०. फेब्रुवारीचं तेवढं वेगळं लक्षात ठेवायचं. जुन्या ‘पर्पेच्युअल कॅलेंडर’ घड्याळाच्या, म्हणजे महिन्याचे दिवस स्वतःच ओळखून योग्य तारीख दाखवणाऱ्या घड्याळाच्या पोटात हीच मूठ असते, फक्त धातूची आणि गोल.

त्या चकतीच्या कडेवर चार वर्षांचे ४८ महिने ओळीने कोरलेले असतात. ३१ दिवसांच्या २८ महिन्यांना कड पूर्ण उंचीची, बाकी २० जागी खाचा. तिसाच्या महिन्याला उथळ, फेब्रुवारीला खोल, आणि चारांतल्या एका फेब्रुवारीला, म्हणजे लीप वर्षातल्या, किंचित कमी खोल. एक तरफ आपली चोच या कडेला टेकवून बसलेली असते. चोच जितकी खाली उतरते, तितके जास्त दात महिनाअखेरच्या रात्री तारखेचं चाक पुढे ढकललं जातं. ३१ तारखेला एक दात, ३० ला दोन, २८ फेब्रुवारीला एकदम चार. सकाळी तबकडीवर १ मार्च! ज्या स्प्रिंगच्या जोरावर सेकंदकाटा मिनिटाला एक फेरी मारतो, त्याच जोरावर ही चकतीही फिरते. तिच्या एका फेरीला १४६१ दिवस लागतात.

लंडनचे घड्याळजी थॉमस मज यांनी अठराव्या शतकातच खिशातल्या घड्याळात ही करामत साधली होती. मनगटावर ती आली १९२५ साली, तीही जरा गंमतीने. जिनिव्हाच्या पाटेक फिलिप या घड्याळ कंपनीकडे १८९८ मध्ये बायकांच्या गळ्यातल्या घड्याळासाठी केलेलं एक यंत्र पडून होतं, तेच त्यांनी मनगटी घड्याळात बसवलं. पुढे १९४१ पासून त्यांनी ‘१५१८’ हे मॉडेल काढलं. त्यात या कॅलेंडरच्या जोडीला स्टॉपवॉचही होतं. अशी सुमारे २८१ घड्याळं निघाली, बहुतेक सगळी सोन्याची. स्टीलची फक्त चार माहीत आहेत.

आणि इथे सराफी हिशेब उलटा होतो. २०१६ साली जिनिव्हातल्या लिलावात या चारांपैकी एक १ कोटी १० लाख स्विस फ्रँकना गेलं. यंत्र सोन्याच्या घड्याळात असतं तेच! म्हणजे संग्राहक यंत्राचे पैसे मोजतच नाहीत, मोजतात ते दुर्मीळपणाचे, आणि त्याहून जास्त अस्पर्श राहिल्याचे. कुणी हौसेने केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाला, पॉलिश मारून कडा गुळगुळीत केल्या, तबकडी नव्याने रंगवून घेतली, की भाव उतरलाच. मला विचाराल तर खरं मोल लीप वर्षाच्या त्या किंचित कमी खोल खाचेचं आहे, पण लिलावात तसा कॉलम नसतो.

हे घड्याळ सांभाळणं मात्र नाजूक काम. चावी द्यायची राहिली आणि ते बंद पडलं, की तारीख, वार, महिना, चंद्रकला सगळं पुन्हा लावत बसा, तेही बऱ्याच घड्याळांत केसच्या कडेला दडलेली बारीक बटणं टोकदार काडीने दाबून. रात्री उशिरा तर हात लावायचाच नाही. तेव्हा तारखेचे दात एकमेकांत अडकलेले असतात. जोर केला तर मोडतात. आणि चुकून एक दिवस पुढे गेलात तर अनेक जुन्या घड्याळांत मागे येता येत नाही. घड्याळ बंद ठेवून तो दिवस उजाडायची वाट बघायची.

नावातलं ‘पर्पेच्युअल’ही तसं पूर्ण खरं नाही. चकतीला दर चौथं वर्ष लीप एवढंच ठाऊक. ग्रेगरियन पंचांगातला शतकाचा अपवाद तिच्या गावी नाही. २००० ला ४०० ने भाग जातो म्हणून ते लीप होतं आणि गाडी सुरळीत गेली. २१०० लीप नाही, तरी ही घड्याळं त्या वर्षी बेधडक २९ फेब्रुवारी दाखवतील आणि कुणाला तरी १ मार्चला ती एक दिवस पुढे करावी लागतील. घड्याळजी कुर्ट क्लाउस यांनी आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीसाठी १९८५ साली केलेल्या ‘दा विंची’ घड्याळात वर्षाचे चारही आकडे दिसतात. त्यातली शतकाचे आकडे दाखवणारी पट्टी बावीसशे साल उजाडलं की संपते, म्हणून पुढची पट्टी काचेच्या छोट्या नळीत घालून गिऱ्हाइकाला घड्याळासोबतच दिली जायची.