कोकणातली घरपट्टी: घर तेच, मापं वेगवेगळी

"झिला, ह्या बील दुप्पट कसा इला?" काकीने विचारलं तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

मालवण तालुक्यातलं आमच्या वाडीतलं हे घर आजोबांनी बांधलं. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, वर मंगळुरी कौलं, पुढे पडवी, मागे मांगर. पन्नास वर्षांत त्याची एक राहती खोली वाढली नाही. ते कधी भाड्याने दिलं नाही आणि विकायचा विचार कोणाच्या मनातही आला नाही. काकीने पत्र्याच्या डब्यातून घरपट्टीच्या पावत्या काढल्या आणि ओटीवर वर्षाप्रमाणे मांडल्या. घराचा नंबर तोच, आजोबांचं नावही तेच. बदलत गेली होती ती आकारणीची रीत, आणि ती का बदलली हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून मी मागे जाऊन शोधायला बसलो.

'पट्टी' हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. देवळाच्या सप्त्याला किंवा पालखीला गावकी आजही घरटी पट्टी काढते. किती काढायची ते बैठकीत ठरतं, खर्च झाल्यावर हिशोब वाचला जातो. सरकारी घरपट्टीही मराठेशाहीपासून चालत आलेली आहे. घरांवरची पट्टी आणि कारागीर-दुकानदारांवरचा मोहतर्फा त्या काळी घेतला जाई. पण आजच्या बिलाची मुळं इंग्रजी अमलात आहेत. 1850 च्या 26 व्या कायद्याने गावातल्या रहिवाशांनी मागणी केली तर तिथे नगरपालिका काढायची सोय केली. 1873 साली मुंबई इलाख्यासाठी जिल्हा नगरपालिकांचा कायदा आला. रत्नागिरी आणि वेंगुर्ल्याच्या नगरपालिका 1876 च्या. बंदरांची ही गावं, व्यापारी पेठा, गोदामं, भाड्याने घेतलेली दुकानं. घराचं वार्षिक भाडं किती येईल यावर कर बसवण्याची इंग्रजी पद्धत अशा पेठेत तरी चालण्यासारखी होती.

तीच पद्धत पुढे पक्की झाली. महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम 1965 चा. त्यात मालमत्तेचं वार्षिक भाडेमूल्य काढायचं, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करायचे आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर कर लावायचा, अशी रीत आहे. भाडेमूल्य म्हणजे प्रत्यक्षात मिळणारं भाडं नव्हे, तर घर भाड्याने दिलं असतं तर वाजवीपणे मिळालं असतं ते. चिपळूणच्या बाजारपेठेत हा अंदाज बांधता येतो. जिथे माणसं घर भाड्याने देतच नाहीत अशा आळीत तो कशावरून बांधायचा?

खेड्यांची गोष्ट निराळी. रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत खोताचा, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचा अंमल होता आणि कुळाला खोताला द्यायचं देणं हेच मोठं ओझं होतं. 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती गेली ती 1949 च्या कायद्याने. ग्रामपंचायतींचे कायदे 1920 आणि 1933 सालीही झाले होते, तरी आज ज्याच्या आधारे घरपट्टी लागते तो अधिनियम 1958 चा. त्याचं कलम 124 ग्रामपंचायतीला कर बसवायचा अधिकार देतं, आणि 1960 चे कर व फी नियम तो कसा बसवायचा ते सांगतात. सुरुवातीला भांडवली किंमत किंवा वार्षिक भाडेमूल्य धरायचं होतं. गावात दोन्ही अंदाजानेच लिहिलं जाई. काकीच्या डब्यातल्या सगळ्यात जुन्या पावत्या याच काळातल्या, शाई उडालेल्या.

मग 1999 आलं. घरपट्टीचा इतिहास बघताना या एका वर्षापाशी थांबावंच लागतं, कारण तेव्हा शहरात आणि खेड्यात दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आणि दोन्हींचा भार घरावर आला.

नगरपरिषदांची जकात 1 ऑक्टोबर 1999 पासून बंद झाली. जकात नाक्यावर रोज रोकड जमा व्हायची. त्या बदल्यात सरकारने सहायक अनुदान देऊ केलं. जकात गेल्यावर नगरपरिषदेच्या स्वतःच्या हातात मोठं असं एकच साधन उरलं, मालमत्ता कर. तेव्हापासून दर चार वर्षांनी होणाऱ्या फेरआकारणीला, म्हणजे चतुर्थ वार्षिक कर मूल्यांकनाला, वेगळंच वजन आलं. अलीकडे त्यात आणखी एक गोष्ट मिळाली. 2021 ते 2026 साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने शहरांना अनुदान देताना अट घातली की राज्याने मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करावेत आणि राज्याचं सकल उत्पादन वाढेल त्या गतीने वसुलीही वाढलेली दिसावी. नगरपरिषदेने कर वाढवला की लोक नगरसेवकाला धरतात, पण वाढीचा रेटा पुष्कळदा असा वरून आलेला असतो.

ग्रामपंचायतींसाठी त्याच वर्षी नियम बदलून क्षेत्रफळावर कर आला. बांधकामाचा प्रकार बघायचा, चौरस फूट मोजायचे, दर लावायचा. अंदाजाचा कारभार संपला हे चांगलंच झालं. पण कोकणातलं जुनं घर पसरट असतं. ओटी, पडवी, माजघर, पाठीमागचं न्हाणीघर, लाकडं-गवत ठेवायचा मांगर, सगळं एका छपराखाली नाहीतर छपराला छप्पर लावून. माणसं दोन, पण चौरस फूट भरपूर. नाक्यावरच्या नव्या दोन मजली घराचा पाया लहान आणि मिळकत मोठी, तरी मापात म्हातारीचं घर त्याच्या बरोबरीला जायचं.

या पद्धतीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, आणि 31 डिसेंबर 2015 रोजी सुधारित नियम आले. आता आधार भांडवली मूल्याचा. इमारतीचं क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर, अधिक क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसाऱ्याचा दर, आणि या बेरजेला वापराच्या भारांकाने, म्हणजे इमारत कशासाठी वापरता त्यावरून ठरलेल्या आकड्याने, गुणायचं. राहत्या घराचा भारांक 1, उद्योगाचा 1.20, व्यापारी वापराचा 1.25. जमिनीचे दर घ्यायचे ते मुद्रांक विभागाच्या रेडीरेकनरमधून, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी दरांच्या तक्त्यातून. मूल्य निघालं की दर हजारी किती कर घ्यायचा ते ग्रामपंचायत ठरवते. सरकारने आखलेल्या किमान आणि कमाल मर्यादेत.

हे सूत्र काकीला समजावताना मी वहीत सोपे आकडे मांडले. समजा घर 80 चौरस मीटर, जमिनीचा दर 600 रुपये, बांधकामाचा दर 12,000, आणि घर जुनं म्हणून घसाऱ्याने निम्मी किंमत. जमिनीचे झाले 48,000, बांधकामाचे 4,80,000, मिळून 5,28,000. हजारी एक रुपया धरला तर घरपट्टी 528. आता तेच घर किनाऱ्यालगत धरू, जिथे जमिनीचा दर 3,000 आहे. भिंत तीच, कौलं तीच, पण मूल्य 7,20,000 आणि कर 720. त्यातल्या खोल्या पर्यटकांना देता म्हणून कोणी अख्ख्या घराला व्यापारी भारांक लावला तर 900. काकी म्हणाली, "म्हणजे शेजाऱ्यान जमीन इकली काय माझी पट्टी वाढता?" अगदी तसंच नाही, कारण रेडीरेकनरचा दर एका खरेदीखताने हलत नाही. पण तिच्या बोलण्यात तथ्य आहे. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा झाला, 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, 2021 साली चिपीच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. जमिनीचे भाव चढले ते विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला फळले. जो आपल्या वाडवडिलांच्या घरात नुसता राहतो त्याच्या हाती त्यातून मागणी बिल तेवढं येतं. माझ्या मते या सूत्रातली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे.

काही गावांची तर आकारणीची अख्खी चौकटच बदलली. तालुक्याच्या ठिकाणांना नगरपंचायत करायचं राज्याने ठरवलं आणि 2015 च्या सुमारास कुडाळ, देवगड-जामसंडे, वैभववाडी, लांजा, म्हसळा अशा गावांच्या ग्रामपंचायती गेल्या. तिथलं घर ग्रामपंचायतीच्या 1958 च्या कायद्यातून उठून नगरपरिषदेच्या 1965 च्या कायद्यात आलं. ग्रामपंचायतीच्या पावतीवर घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्यरक्षण आणि पाणीपट्टी असे रकाने असायचे. शहराच्या बिलात शिक्षण कर असतो, तो 1962 च्या कायद्याने आलेला आणि राज्य सरकारकडे जाणारा. वृक्ष कर 1975 च्या कायद्यातला. शिवाय अग्निशमन, घनकचऱ्याचं शुल्क. थकलं की दरमहा 2 टक्के शास्ती. गणपतीला घर उघडणाऱ्या चाकरमान्याला दाराच्या फटीत सापडलेलं बिल कधीचं आहे हे कळेपर्यंत शास्ती चढलेली असते.

चाकरमान्यांचा आणखी एक प्रश्न दरवर्षी ऐकतो. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घराला माफी, मग गावच्या घराला का नाही? ती माफी 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे, पण फक्त बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत, तिथल्या वेगळ्या कायद्यातून. गावाला ती लागत नाही. मात्र माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराची माफी 2020 पासून गावातही आहे. आमच्याकडे घरटी नाही तरी वाडीटी एखादा फौजी निघतो. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी अर्जच केलेला नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

कोकणाची म्हणून एक खास गुंतागुंत आहे ती घराच्या जागेची. देशावर घरं गावठाणात एकवटलेली. आपल्याकडे वाड्या विखुरलेल्या आणि घर बऱ्याचदा सातबाऱ्यावरच्या जमिनीत. त्यामुळे तलाठ्याकडचा सातबारा एका नावावर, ग्रामपंचायतीतला नमुना आठचा उतारा, ज्याला आपण सगळे 'असेसमेंट' म्हणतो, दुसऱ्याच्या. भावाभावांनी खोल्या वाटून घेतल्या की घर नंबराला अ, ब, क लागतात आणि समाईक पडवी दोघांच्याही क्षेत्रफळात शिरते. वीज जोडणीला असेसमेंट मागतात म्हणून लोक त्याला मालकीचा कागद समजतात आणि नाव जाईल या भीतीने चुकीच्या आकारणीवर हरकत घेत नाहीत. नमुना आठ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही; न्यायालयांनी हे वारंवार सांगितलंय. हरकत घेतल्याने कोणाचा हक्क जात नाही.

आणि हरकतीची वाट कायद्यात आहे. आकारणी यादी प्रसिद्ध झाली की मुदतीत लेखी हरकत घ्यायची. ग्रामपंचायतीने ऐकलं नाही तर कलम 124 प्रमाणेच पंचायत समितीकडे अपील, आणि त्यावर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. नगरपरिषदेत कलम 119 ची नोटीस निघते, तिच्यातल्या मुदतीत हरकत दिली की सुनावणी मिळते. कोकणात ही यादी पुष्कळदा अशा दिवसांत लागते जेव्हा निम्मी घरं बंद असतात. ग्रामपंचायतीला पैसा लागतो हे मला मान्य आहे. पाखाडीवरचे दिवे आणि नळपाणी योजनेचा पंप त्यातूनच चालतो. पण गावकी जसा हिशोब वाचून दाखवते तसा प्रत्येक बिलामागे त्या घराचं क्षेत्रफळ, धरलेला दर, घसारा आणि भारांक छापून दिला पाहिजे. चार आकड्यांची एक ओळ पुरेल.

काकीच्या बिलात काय झालं होतं ते आम्हाला नमुना आठचा उतारा काढल्यावर कळलं. काही वर्षांपूर्वी तिने मागच्या बाजूला संडास बांधला, त्याला स्लॅब टाकला. पाहणीला आलेल्या माणसाने तो स्लॅब बघून 'बांधकामाचा प्रकार' या रकान्यात सगळ्या घरापुढे आरसीसी लिहिलं. चिऱ्याच्या भिंती आणि कौलारू छप्पर कागदावर सिमेंटचं झालं. घसारा त्या हिशेबाने कमी धरला गेला, आणि मांगरही राहत्या क्षेत्रफळात.

आम्ही टेप घेऊन घर मोजलं. काकी एक टोक धरून उभी राहायची, मी आकडा वहीत लिहायचो. माजघर, ओटी, पडवी वेगळी, मांगर वेगळा, संडास वेगळा. प्रत्येकाचा फोटो काढला, अर्जाला जोडला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. मांगर पुढच्या पाहणीत वेगळा धरला गेला. आरसीसीची नोंद अजून तशीच आहे. पंचायत समितीकडच्या अपिलाचे कागद काकीने पावत्यांच्या त्याच डब्यात ठेवलेत, सगळ्यात वर.